दूर्वा, हरळी, लॉन : एका गवताच्या तीन नावांचा इतिहास

१

एकाच वनस्पतीला मराठीत दोन-चार नावे असणे ही नवलाची गोष्ट नाही. मुलूख बदलला की नाव बदलते आणि भाषाविज्ञानाच्या तासाला आपण त्याची उदाहरणेही देतो. परंतु काही नावांतला भेद मुलखाचा नसतो, नात्याचा असतो. देवापुढच्या तबकात जिची जुडी ठेवतात ती दूर्वा. ज्वारीच्या वावरात जिची मुळी खणून काढता काढता कुदळ बोथट होते ती हरळी. आणि बंगल्यापुढे, रुग्णालयापुढे, महाविद्यालयाच्या प्रशासकीय इमारतीपुढे जी अंथरली जाते ते लॉन. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही तिन्ही नावे बहुतेक वेळा एकाच गवताची असतात : सायनोडॉन डॅक्टिलॉन. लिनीअसने १७५३ साली त्याला दुसऱ्या वंशात घातले होते. आजचे नाव पर्सून या शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये रूढ केले. ग्रीक व्युत्पत्तीनुसार या नावात कुत्र्याचा दात आहे आणि बोटही आहे. दात त्याच्या जमिनीतल्या टोकदार कोंबांचा, बोटे त्याच्या पाचपाखी तुऱ्याची.

एकच गवत पूजेला हवे, शेतात नको आणि अंगणात विकत घेऊन लावायचे, ही विसंगती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती विसंगती आहे हेच जाणवत नाही. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात दूर्वांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाया त्या बांधावरून खुडून आणतात. त्याच बांधावरून हरळी वावरात शिरू नये म्हणून शेतकरी वर्षभर झगडत असतो. 'लॉनसाठी कोणते गवत चांगले?' हा प्रश्न वरकरणी माळीकामाचा आहे. पण त्याचे उत्तर निरनिराळ्या काळात निरनिराळ्या लोकांनी काय दिले हे पाहू गेले, तर त्यातून हवामान, सत्ता, श्रम आणि पाणी यांचा एक मोठा इतिहास उलगडत जातो. तो येथे थोडक्यात मांडावा, असा आमचा विचार आहे.

२

'लॉन' हा शब्द मुळात गवताचा नव्हे. जुन्या फ्रेंचमधील 'लाँद' या शब्दापासून तो इंग्रजीत आला आणि त्याचा अर्थ होता रानातली मोकळी जागा, झाडांमधला उघडा माळ. ती जागा गुरे-मेंढरे चरून चरून आखूड ठेवीत. पुढे उमरावांनी आपल्या हवेलीभोवती तशीच मोकळीक मुद्दाम राखली. तीत सौंदर्यदृष्टी होती, तशी ऐटही होती : एवढी जमीन पिकाखाली न आणताही आमचे चालते, हे सांगण्याची. गवत कातरण्याचे काम विळ्या-कोयत्यांनी, पहाटेच्या दवात, पाती ओली असताना होई. त्यासाठी माणसे लागत, आणि माणसे ठेवण्याची ऐपत लागे.

हे चित्र पालटले ते १८३० मध्ये. इंग्लंडमधील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. स्ट्राउडचा परिसर लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. विणून झालेल्या कापडावर जी लव उभी राहते ती सारखी कातरून काढण्यासाठी गिरणीत पात्यांचा एक फिरता दंडगोल असे. तेच तंत्र बडिंगने जमिनीवर आणले. साहित्याच्या अभ्यासकांना यातला एक योगायोग सुखावेल. गवताला मखमल किंवा गालिचा म्हणणे ही कवींची जुनी सवय; आपल्या बालकवींच्या 'फुलराणी'तही गवत याच रूपात भेटते. परंतु गवताचे खरोखरच कापड व्हावे, तेही कापडाच्याच यंत्राने, ही गोष्ट काव्यात नव्हे तर गिरणीत घडली. उपमेतला 'जणू' तेथे गळून पडला.

यंत्रासोबत निवडीचा प्रश्नही शास्त्रीय झाला. वोबर्न ॲबी येथे बेडफर्डच्या ड्यूकचा माळी जॉर्ज सिंक्लेअर याने गवतांच्या जातींचे वेगवेगळे वाफे करून त्यांची तुलना केली आणि १८१६ मध्ये 'हॉर्टस ग्रॅमिनियस वोबर्नेन्सिस' हा ग्रंथ काढला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत चित्रांऐवजी वाळवलेल्या गवतांचे प्रत्यक्ष नमुने चिकटवलेले होते. एकाच जातीच्या वाफ्यापेक्षा अनेक जातींच्या मिश्रणाचा वाफा अधिक भरतो, या निरीक्षणाचा उपयोग पुढे डार्विनने केला. त्या काळचे इंग्रजी लॉनही मिश्र असे. फेस्क्यू, बेंट, रायग्रास अशा गवतांबरोबर पांढऱ्या क्लोव्हरचे बीही त्यात टाकले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद पानांच्या वनस्पती मारणारे '२,४-डी' हे रसायन बाजारात आले. त्याला क्लोव्हर आणि तण यांतला फरक कळत नव्हता. तेव्हा क्लोव्हरलाच तण म्हणण्याची चाल पडली. 'तण' ही वनस्पतीची जात नसून आपण तिला दिलेली पदवी आहे, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. आपल्याकडे लव्हाळ्याचे असेच झाले आहे. तुकोबांच्या अभंगात तो नम्रतेचा आदर्श आहे. शेतात आणि लॉनमध्ये मात्र कुणाला डोळ्यांसमोर नको असतो.

३

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी आपल्याबरोबर लॉनची कल्पना आणली, पण बी चालेना. उटीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी विलायती गवते तग धरीत. मैदानी प्रदेशात मात्र हिवाळ्यात उगवलेले रायग्रास उन्हाळ्याच्या पहिल्या झळीत करपून जाई. याचे कारण त्या काळी ठाऊक नव्हते. १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करून प्रकाशसंश्लेषणाचा एक वेगळा मार्ग स्पष्ट केला, तेव्हा कोडे उलगडले. इंग्लंडची गवते साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये जोमाने वाढतात. हरळी मात्र ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांच्या पंगतीतली. कडक ऊन हेच तिचे बळ, आणि २७ ते ३५ अंशांत ती सर्वाधिक फोफावते. ज्या मातीत आपली भाकरी पिकते त्या मातीत हरळी इतकी चिवट का, याचेही उत्तर यातच आहे. ती आपल्या धान्यांची भाऊबंद आहे.

परंतु शास्त्रीय कारण कळण्यापूर्वी दीडशे वर्षे निवड होऊन गेली होती, आणि ती करणाऱ्या मंडळींत आपल्या परिचयाची काही नावे निघतात. 'शाकुंतला'चे १७८९ मध्ये इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम जोन्सने भारतीय वनस्पतींवर जे टिपण लिहिले ते त्याच्या मृत्यूनंतर, १७९५ मध्ये, 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापले गेले. त्यात दूर्वेचा समावेश आहे, आणि भिंगातून पाहिल्यावर तिची इवली फुले माणकांसारखी आणि पाचूंसारखी दिसतात, असे तो सांगतो. वैदिक मंत्रात दूर्वा भेटलेला हा पंडित तिला भिंगाखालीही धरतो. एकाच माणसात पोथी आणि प्रयोगशाळा अशा जवळ आलेल्या दिसतात. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यानेही या गवताची गणना येथल्या अत्यंत उपयुक्त गवतांत केली. त्याच्या 'फ्लोरा इंडिका'चे संपादन केले विल्यम कॅरे याने.

मराठीच्या विद्यार्थ्याला कॅरे माहीत असतो तो श्रीरामपूरचा मिशनरी म्हणून. १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी लिपीतील शब्दांचा कोश ही त्याची कामे आपण वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणात शिकवतो. मात्र याच कॅरेने १८२० साली कलकत्त्यात कृषी व उद्यान संस्था स्थापन केली, हे आपण सहसा सांगत नाही. शब्दांची आणि बियांची नोंद ठेवण्याची ही दोन कामे त्याच्या लेखी निराळी नसावीत. कोणता शब्द प्रमाण, कोणता बोलीतला. कोणते बी उत्तम, कोणते रानटी : दोन्हीकडे गोळा करायचे, नाव द्यायचे, निवडायचे आणि निवडलेले रुजवायचे. वसाहतकाळात भाषेचे प्रमाणीकरण आणि उद्यानविद्या हातात हात घालून आल्या, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

इंग्रजांना दूर्वेची पहिली ओळख झाली ती मात्र बागेत नव्हे, तबेल्यात. प्रत्येक घोड्यामागे गवत आणणारा एक नोकर ठेवण्याची तेव्हा रीत होती. खुरपीने हरळी मुळासकट खरवडायची, धुवायची आणि घोड्याला घालायची, हे त्याचे काम. मुंबई इलाख्यातील इंग्रजी लेखनात हे गवत 'हरियाली' म्हणून येते, उत्तरेत 'दूब' म्हणून. जे घोडा आवडीने खातो, पायदळी मरत नाही, कापले की दाटते, उन्हाळ्यात वाळून पावसात पुन्हा फुटते, तेच गवत लॉनसाठी निवडले गेले. आणि ते लावण्याची रीतही येथलीच होती. बी विकत आणण्याऐवजी मुळ्यांचे तुकडे टोचायचे, किंवा हरळी बारीक कापून माती-शेणाच्या काल्यात मिसळायची आणि तो काला सारवल्यासारखा जमिनीवर पसरायचा. विलायती लॉनची हिंदुस्थानी आवृत्ती अशी शेणाने सारवून तयार झाली, ही गोष्ट कोणत्याही विनोदी लेखकाने कल्पिलेली नाही.

४

गवत येथलेच निवडले गेले. त्यावर पाऊल कोणी टाकायचे हे मात्र वेगळ्याच ठिकाणी ठरत होते. मुंबईच्या मैदानावरचा वाद या दृष्टीने बोलका आहे. १८८० च्या सुमारास पारशी आणि हिंदू तरुण मैदानाच्या ज्या भागात क्रिकेट खेळत, तेथेच युरोपियन मंडळी पोलो खेळू लागली. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे आणि चेंडू कसाही उसळे. युरोपियन जिमखान्याची स्वतःची खेळपट्टी मात्र सुरक्षित होती. या मुलांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. झगडा काही वर्षे चालला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये त्याची हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली आणि पुढे रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात तिला योग्य ते स्थान दिले. खेळाच्या इतिहासात ही एक घटना. गवताच्या इतिहासात ती त्याहून मोठी आहे. येथे बहुधा प्रथमच एतद्देशीयांनी हिरवळीवर हक्क सांगितला, आणि तो शोभेसाठी नव्हे तर वापरासाठी.

दुसरे उदाहरण आग्र्याचे. मुघल चारबागेची रचना पाण्याच्या पाटांची, फळझाडांची आणि फुलांच्या खोलगट वाफ्यांची. तिच्या केंद्रस्थानी सावली, सुगंध आणि वाहते पाणी. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत (१८९९–१९०५) ताजमहालाच्या बागेची पुनर्रचना झाली तेव्हा दाट झाडी विरळ करून मोकळ्या हिरवळींना महत्त्व देण्यात आले. आज ताजमहालाचे जे छायाचित्र आपल्या मनात असते, त्यातील पुढचा हिरवा पट्टा शहाजहानचा नसून कर्झनच्या काळाचा आहे. कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट या लेखिकेने १९१३ मध्ये मुघल बागांवर पुस्तक लिहिताना या इंग्रजी वळणाविषयी नाराजी दर्शवली होती, हे तिच्या रसिकतेचे द्योतक मानावे लागेल.

तिसरे उदाहरण दिल्लीचे. व्हाइसरॉयच्या प्रासादामागे लट्येन्सने चारबाग आणि इंग्रजी लॉन यांचा संकर केला. १९२८–२९ मध्ये मस्टो या उद्यानतज्ज्ञाने तेथे लागवड केली. त्या बागेतली दूब कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर या जुन्या इंग्रजी वास्तूच्या आवारातून आणली गेली. राजधानी १९११ मध्ये कलकत्त्याहून दिल्लीस हलवण्याचे जाहीर झाले, आणि मागोमाग गवतही हलले. ही बाग पुढे 'मुघल गार्डन' म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०२३ मध्ये तिचे नाव 'अमृत उद्यान' असे बदलण्यात आले. नाव दोनदा ठरले, गवत तेच राहिले. स्वातंत्र्यानंतर अन्नटंचाईच्या दिवसांत गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी याच प्रासादाच्या आवारात काही जमीन नांगरून गहू पिकवला होता. मोकळी जमीन कशासाठी, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. ते फार काळ टिकले नाही, तरी ते कुणीतरी दिले होते हे विसरून चालणार नाही.

५

विसाव्या शतकात निवडीची सूत्रे माळ्याकडून पैदासकाराकडे गेली. अमेरिकेत हे गवत 'बर्म्युडा ग्रास' या नावाने ओळखले जाते, जरी ते मूळचे त्या बेटावरचे नाही. जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने त्याचा आफ्रिकेतील एका बारीक पात्याच्या जातीशी संकर करून गोल्फच्या मैदानांसाठी नवी वाणे तयार केली. त्यांपैकी 'टिफवे' हे १९६० मध्ये प्रसारित झाले आणि जगभरच्या मैदानांवर पसरले. या संकरित वाणांचे वैशिष्ट्य असे की त्यांना बी धरत नाही. ती लावायची तर मुळ्या किंवा थर विकतच आणावे लागतात. लॉनसाठी 'योग्य बी' शोधत निघालेल्या माणसाला शेवटी बीच नसलेले गवत हाती लागावे, हा या कथेतला विरोधाभास आहे. तुरा न आलेली कोवळी दूर्वाच पूजेला चालते, ही आपली जुनी अट आणि गोल्फच्या मैदानाची ही नवी अट येथे अनपेक्षितपणे एकत्र येतात. दोघांनाही गवत हवे, त्याचे फुलणे नको.

परंतु बर्टनची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लॉनची वाणे घडवणाऱ्या या माणसाने त्याच केंद्रात बाजरीवरही काम केले. बाजरीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही अंगे असल्यामुळे संकरित बी मोठ्या प्रमाणावर तयार करणे अवघड होते. बर्टनच्या 'टिफ्ट २३ ए' या नर-वंध्य वाणाने ही अडचण दूर केली. ते वाण भारतात आले आणि पंजाबात अठवाल यांनी त्यापासून 'एच.बी. १' हे संकरित वाण सिद्ध केले. १९६५ मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत पोचले. उत्पन्न वाढले. पण एकाच मातृवाणावर सगळी भिस्त ठेवल्याची किंमत १९७० नंतरच्या काही वर्षांत मोजावी लागली : बाजरीवर गोसावी रोगाच्या मोठ्या साथी आल्या. कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके आणणारा हा रोग. नाशिक-नगर-बीडकडच्या जुन्या शेतकऱ्यांना त्याची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. दाणा हवा होता तेथे नुसती पालवी आली. सिंक्लेअरच्या वाफ्यांनी १८१६ मध्येच जे सुचवले होते, की मिश्रण टिकते आणि एकजिनसीपणा धोक्याचा असतो, ते लॉनमध्ये विसरले तर डाग पडतात. शेतात विसरले तर चूल थंड होते.

६

आज आपल्याकडच्या रोपवाटिकेत गेले की निवड मोठी दिसते. 'सिलेक्शन वन' म्हणून जे मिळते ते आखूड कांड्यांचे, निवडक हरळीचेच वाण. 'मेक्सिकन' म्हणून मिळणारे गवत बहुतेक वेळा झॉयशिया वंशातले, म्हणजे पूर्व आशियातले असते. मेक्सिकोशी त्याचा संबंध नावापुरता. ते दाट आणि मऊ होते, पण सावकाश वाढते. सावलीसाठी पास्पालम किंवा रुंद पात्याचे बफेलो गवत सुचवले जाते, कारण हरळीला सावली मानवत नाही. वडाखाली तिचे लॉन करण्याचा हट्ट धरणाऱ्याने एक तर वड सोडावा किंवा लॉन. लागवड पावसाळ्याच्या तोंडाशी करावी, त्याआधी वैशाखात जमीन खोल खणून तापू द्यावी आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात, हा व्यवहारी सल्ला कोणताही जाणता माळी देईल आणि तो योग्यच आहे.

तथापि भाषेच्या अभ्यासकाला या सल्ल्याच्या अलीकडे एक प्रश्न पडतो. मराठीत लॉनला 'हिरवळ' म्हणतात. बालकवींच्या 'श्रावणमासी'त जी हिरवळ आहे ती कुणी लावलेली नाही. ती ऋतूने आणलेली आहे, आणि ऋतूबरोबर जाणारी आहे. तिचा आनंद तिच्या येण्यात आहे. जी बाराही महिने असते तिचे येणे कुठले? लॉन म्हणजे ऋतू नाकारणारी हिरवळ. शब्द तोच ठेवून आपण त्यातला श्रावण काढून घेतला. रोपवाटिकेत आता हिरवळीचे तयार पट्टे गुंडाळी करून, चौरस फुटाच्या दराने मिळतात आणि त्यांना 'कार्पेट' म्हणतात. कवीचा गालिचा असा दरपत्रकात येऊन बसला. दुसरीकडे शहरांच्या वेशीवर 'मंगल कार्यालय व लॉन्स' अशा पाट्या दिसतात. तेथे 'लॉन्स' या शब्दाचा अर्थ लग्न लावण्याची मोकळी जागा एवढाच. गवत असले तर असले. मूळच्या फ्रेंच शब्दातील मोकळा माळ फिरून फिरून असा नगर-औरंगाबाद रस्त्यावर परत आला, असे गमतीने म्हणता येईल.

मात्र ऋतू नाकारण्याला पाणी लागते, आणि येथे गंमत थांबते. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात हिरवे राहण्यासाठी गवताला दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तर एका गुंठ्याला सुमारे ५०० लिटर लागतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन योजनेत ग्रामीण माणसामागे दिवसाचे प्रमाण ५५ लिटर धरले आहे. म्हणजे गुंठाभर लॉन नऊ माणसांचे पाणी पिते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोचवावे लागले. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे होता, आणि न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या निर्णयाने दुष्काळ हटला नाही, हे खरेच. पण गवताला घातलेले पाणी हे कुणाचे तरी पाणी असते, ही गोष्ट त्यामुळे प्रथमच न्यायालयाच्या कागदावर आली. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या मुलांनी 'हे मैदान कुणाचे?' असे विचारले होते. २०१६ मध्ये प्रश्न असा झाला : 'या मैदानावरचे पाणी कुणाचे?'

आम्ही ज्या भागात शिकवतो तेथे मार्च सरता सरता टँकर सुरू होतात. मूल्यांकनाची समिती यायची असली की महाविद्यालयांच्या प्रवेशद्वाराशी कार्पेटच्या गुंडाळ्या येऊन पडतात आणि आठवडाभरात आवार हिरवे होते. ते हिरवे ठेवण्यासाठी ज्या बाया रोजंदारीवर लव्हाळा खुरपतात, त्यांच्या स्वतःच्या वावरात हरळी माजलेली असते. एका ठिकाणी जी उपटण्याची मजुरी, दुसऱ्या ठिकाणी तीच जपण्याची. विद्यार्थी या लॉनवर बसत नाहीत. तेथे 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी असते, आणि ती शुद्ध मराठीत लिहिलेली असते याचेच समाधान मराठी विभागाने मानायचे.

म्हणून गवत निवडायचे तर कसे निवडावे? आमच्या मते प्रश्न वाणाचा आहे त्याहून अधिक अपेक्षेचा आहे. हरळीला पाणी दिले नाही तर ती मरत नाही. पाने पिवळी करून ती जमिनीत जाते, कांड्यांत जीव धरून राहते आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की पुन्हा फुटते. ही विद्या तिच्याजवळ जन्मजात आहे. ती नाहीशी करण्यासाठी आपण टँकर आणतो. मोकळ्या उन्हातल्या आवारात साधी हरळी असावी, तिच्यात माळावरची मारवेल-पवन्यासारखी गवतेही कडेकडेने वाढू द्यावीत, सावलीत गवताचा अट्टहास सोडून पाचोळा पडू द्यावा, आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ती जमीन पिवळी दिसली तर तिला पिवळे दिसू द्यावे. समितीने विचारले तर सांगावे की आमच्या आवारात सहाही ऋतू येतात.

गणपतीला एकवीस दूर्वा वाहण्यामागची कथा सर्वांना ठाऊक आहे. अनलासुराला गिळल्यावर देवाच्या पोटात आग पडली; चंद्र, कमळ, नाग अशा थोरामोठ्यांच्या शीतल उपचारांनी ती शमली नाही, ती ऋषींनी आणलेल्या गवताच्या जुड्यांनी शमली. त्या कथेत गवत आगीसाठी पाणी मागत नाही. ते स्वतःच पाण्याचे काम करते. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी हरळी वैशाखात पाहिलेली असली पाहिजे : वर वाळलेली, आणि खाली मातीत ओली.